बोटीवर होतात की नव्हतात

योकोहामा, ९ एप्रिल १९९३

चि. सुनेत्रा हिस,

तुझं पत्र अनघाने शनिवारी आणून दिलं. आत एकच ओळ होती. "१९३४च्या नोव्हेंबरात तुम्ही त्या बोटीवर होतात की नव्हतात?" खाली तुझं नाव आणि पुण्याचा पत्ता. बाकी कागद कोरा.

मी हयात आहे हे तुला कसं कळलं ते अनघाने सांगितलं. ती इचिकावाला राहते, तिचा नवरा प्रथमेश टोकियोत कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. गेल्या गणपतीला इथल्या मराठी मंडळींसाठी मी मखरामागचा पडदा रंगवून दिला, तेव्हा आमची ओळख झाली. एवढा म्हातारा मराठी माणूस जपानात पाहून तिने आईला माझं नाव लिहिलं, आणि तिची आई नेमकी तू शिकवायचीस त्याच शाळेतली शिक्षिका निघाली. एकोणसाठ वर्षं कोणाला सापडलो नव्हतो, एका पडद्याने सापडलो.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नव्हतो. लंडनहून निघालो, पण मार्सेयला न्यूमोनियाने गाठलं आणि बोट माझ्याशिवाय गेली. पुढे इकडची नोकरी मिळाली, मग लढाई आली. तसंच राहून गेलं.

मी काय काम करत होतो हे तुला कोणी धड सांगितलं नसेल, म्हणून लिहितो. तू आठ महिन्यांची असताना मी चित्रकला शिकायला लंडनला गेलो. पहिल्याच हिवाळ्यात पोटासाठी एका सिनेमाच्या स्टुडिओत शिरलो. गिरगावात नाटक कंपनीचे पडदे रंगवलेले होते, तेवढ्या भांडवलावर. ट्रामच्या शेवटच्या थांब्याच्याही पलीकडे, काचेच्या छपराची शेड होती ती. उन्हात चित्रण व्हायचं म्हणून काच. पण लंडनचं धुकं शेडमध्ये शिरायचं. नटी दहा पावलांवर उभी असूनही कॅमेऱ्याला दिसायची नाही. मग सगळे कोट घालून खोक्यांवर बसायचे, राजा, शिपाई, मोलकरीण एका ओळीत, धुकं जायची वाट बघत.

रंगाचं मोठं नवल होतं. त्या वेळच्या फिल्मला निळा पांढरा दिसे, लाल आणि पिवळा काळा. त्यामुळे पडद्यावर जे देखणं घर दिसायचं ते प्रत्यक्षात भयंकर दिसे. मी सहा महिन्यांत ते शिकलो. भिंत बघितली की ती पडद्यावर कशी येईल ते मला आधी दिसायचं.

फेब्रुवारीत पडलो, खुब्याचं हाड मोडलं. तेव्हापासून वरच्या खोलीतच असतो. जिना उभा आहे. घरमालकीण होशिनो-सान दोन वेळचं वर आणून देतात. खिडकी आहे, पण शेजारच्या घराची भिंत हात लांब केला की लागते.

विश्वनाथ


योकोहामा, १४ मे १९९३

चि. सुनेत्रा,

तू लिहितेस, "मार्सेयहून 'बोटीत बसलो' अशी तार आली होती. आईने ती जपून ठेवली. ती कोणी केली?"

तार मीच केली होती. आजारी पडण्याआधी केली होती. हे कसं वाटतं ते मला कळतं आहे.

तू विचारलं नाहीस अशी एक गोष्ट आज सांगतो. फोटोंची. मी दर वर्षी फोटो पाठवायचो. मोठी शेकोटी, तिच्याजवळच्या खुर्चीत मी. दुसऱ्यात मी रुंद जिन्यावर, कठड्याला हात लावून. तिसऱ्यात पुस्तकांनी भरलेलं कपाट. तुझ्या आईला लिहायचो, हा आपला दिवाणखाना, हा आपला जिना. ती घरं माझी नव्हती. ते सगळे सेट होते, रविवारी शेड रिकामी असताना एक छायाचित्रकार मित्र फोटो काढून द्यायचा. पुस्तकं कॅनव्हासवर रंगवलेली होती. जिन्याला अकरा पायऱ्या होत्या आणि वर फळीचा एक माचा. नट वर जाऊन त्या माच्यावर अंग चोरून उभा राहायचा. दिग्दर्शकाने "बस झालं" म्हटलं की उतरायचा. मी राहायचो एका विधवा बाईच्या तळघरात, आणखी दोघांबरोबर.

पहिल्यांदा गंमत म्हणून पाठवला होता. उलट टपाली तुझ्या आईचं, पद्मिनीचं पत्र आलं. "एवढी पुस्तकं! माझे थोरले दादा सगळ्या आळीला फोटो दाखवून आले." मग ती गंमत होती हे लिहायला जमलं नाही. पुढचा सेट लागला की पुढचा फोटो.

काम मात्र खोटं नव्हतं एवढं समज. सुरुवातीला ब्रश धुतले, मग पडदे, मग मिस्टर पेल्हमच्या हाताखाली आराखडे. पेल्हम आमचे आर्ट डायरेक्टर. जाडे, दम्याचे, स्वभावाने वाईट नव्हते. तीन-चार वर्षांत असं झालं की आराखडा मी काढायचा, सुतारांना मी समजवायचं, आणि दिग्दर्शक आला की पेल्हमनी तो उलगडून दाखवायचा. सिनेमाच्या सुरुवातीला नावं येतात त्यात त्यांचं नाव. एकदा, १९३१ साली, माझंही आलं. "व्ही. नाथ". मी तिकीट काढून तो सिनेमा चार वेळा पाहिला, आणि नावं संपली की उठून बाहेर यायचो.

होशिनो-सान ताट न्यायला आल्या आहेत. थांबतो.

विश्वनाथ


योकोहामा, २ जुलै १९९३

सुनेत्रा,

तुझं मोठं पत्र येऊन तीन आठवडे झाले. दोनदा उत्तर लिहायला घेतलं आणि फाडलं. अनघाने विचारलं, "आजोबा, काही टाकायचंय का पोस्टात?" मी नाही म्हटलं. तिने टोपलीतले कपटे पाहिले असणार.

मला हे काहीच माहीत नव्हतं. तुझी आई धक्क्यावरून घरी आली ती "मी त्यांना पाहिलं, वरच्या डेकवर होते, करडी हॅट होती" असं सांगतच. तुझे गुणवंतमामा बोटीच्या कचेरीत जाऊन आले. मुंबईत उतरलेल्यांच्या यादीत माझं नाव नव्हतं. तरी ती ऐकेना. विलायतेची बोट यायच्या दिवशी ती बॅलार्ड पिअरवर जाऊन उभी राहायची, दोन वर्षं. मग भावांनी बोटीच्या दिवशी तिला मागच्या खोलीत कोंडायला सुरुवात केली, आणि पुढे रोजच. काही वर्षांनी डॉक्टर आणले. तेव्हा तू पंधरा वर्षांची होतीस. डॉक्टरांनी तुला विचारलं, तूही होतीस ना तिथे? तू म्हणालीस, "होते. मला कोणी दिसलं नाही. आईला भास होतात." हे तिच्यासमोर म्हणालीस. त्यानंतर १९७१ला जाईपर्यंत तिने तुझ्याकडे तो विषय काढला नाही.

"मला एवढंच हवं आहे," तू लिहितेस. "तिला भास झाला होता की मी खोटी साक्ष दिली?"

सुनेत्रा, मी स्टुडिओचं पुढचं सांगतो. मला तिथूनच यावं लागेल, सरळ येता येत नाही.

बोलपट आले. मायक्रोफोन लावला तर कॅनव्हासच्या भिंती ढोलासारख्या वाजायला लागल्या. दार लावलं की धडाम आवाज. काचेचं छप्पर बुजवलं, भिंतींना घोंगड्या ठोकल्या, आत श्वास कोंडायचा. त्यातच कायदा झाला की विलायतेतल्या थिएटरांनी इतके टक्के देशी सिनेमे दाखवायचेच. मग आठवड्याला एक या हिशेबाने स्वस्तातले सिनेमे निघू लागले. माझा तोच अकरा पायऱ्यांचा जिना कधी सरदाराच्या घरात, कधी हॉटेलात, उलटा फिरवून कधी तुरुंगात. पेल्हम १९३३ला मोठ्या स्टुडिओत गेले. मी विचारलं, मला नेणार ना? ते म्हणाले, "नाथ, तुला तिकडे नेलं तर तू कोण, तुला कुठून आणलं, हे मला प्रत्येकाला सांगत बसावं लागेल." पुढच्या वर्षी आमची शेड बंद पडली. बाहेर कुठेही गेलो की विचारायचे, काय केलंस आजवर? सगळ्या कामावर पेल्हमचं नाव. "व्ही. नाथ" कोण हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नव्हतं.

तेव्हा परतीचं तिकीट काढलं. घरी लिहिलं, विलायतेतलं घर विकून कायमचा येतो आहे.

आज इतकंच जमतं.

विश्वनाथ


योकोहामा, १९ ऑगस्ट १९९३

सुनेत्रा,

मी बोटीवर होतो.

न्यूमोनिया झाला नव्हता. पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं.

सकाळी नऊच्या सुमाराला बोट धक्क्याला लागली. मी वरच्या डेकवर कठड्याला उभा होतो. करडी हॅट होती. खाली तुमची मंडळी उभी होती, वीस-पंचवीस तरी. गुणवंतच्या हातात हार. आळीतले लोक होते, नाटक कंपनीचे मालक होते, कोणीतरी बँडवाले पण आणले होते. ते सगळे फोटोतल्या माणसाला न्यायला आले होते. माझ्याकडे एक ट्रंक होती, तिच्यात दोन सदरे आणि आराखड्यांच्या गुंडाळ्या.

पद्मिनीने मला पाहिलं. ती लोकांच्या मागे उभी होती, तरी सगळ्यांच्या आधी तिनेच पाहिलं. तिने हात वर केला. ओरडली नाही, नुसता हात वर केला. आमची नजर भेटली, त्यात काही शंका नाही. मी मागे सरलो आणि लाइफबोटीच्या आड उभा राहिलो. मग केबिनमध्ये शिरलो तो बोट सुटेपर्यंत बाहेर आलो नाही.

तिला भास झाला नव्हता.

आणि तूही खोटी साक्ष दिली नाहीस. तू पिवळं परकर-पोलकं घातलं होतंस, आईच्या पुढे दोन हातांवर होतीस आणि तोंड बँडकडे होतं. तू एकदाही वर पाहिलं नाहीस. मी तुला पाहिलं, तू मला पाहिलं नाहीस. डॉक्टरांना तू सांगितलंस त्यातलं "मला कोणी दिसलं नाही" हे खरं आहे. हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. मी तिथे होतो म्हणून लिहितो.

एका क्षणात पाय गळाले आणि मी मागे सरलो, एवढीच ती गोष्ट आहे. त्या क्षणाची शिक्षा तुझ्या आईला छत्तीस वर्षं झाली. माफी कशी मागतात ते मला सुचत नाही.

हे पत्र अनघाने वाचलेलं नाही. पाकीट चिकटवताना मी तिला सांगितलं, यात माझं एक पाप आहे. ती म्हणाली, "ते तुमचं तुम्ही. मी पोस्टात टाकते." मग जिन्यात थांबून म्हणाली, "मलाही घरी सगळं छान चाललंय असंच लिहायची सवय लागलीय, आजोबा. मी इथे दिवसच्या दिवस कुणाशी बोलत नाही हे आईला माहीत नाही." मी म्हटलं, आजच लिही. तिने लिहिलं की नाही ठाऊक नाही.

विश्वनाथ


योकोहामा, ३० सप्टेंबर १९९३

सुनेत्रा,

तू शिक्षिका होतीस हे विसरलो होतो. चुका शोधण्यात आयुष्य गेलं तुझं.

"मुंबईपर्यंतचं तिकीट असलेला माणूस मुंबईहून पुढे कसा जातो? त्याला कोणी उतरवत नाही? क्षणात पाय गळाले म्हणता, तर पुढचं तिकीट कधी काढलंत?"

एडनला काढलं. मुंबईच्या पाच दिवस आधी.

बोटीवर योकोहामाचे एक हिंदी रेशीम व्यापारी होते. त्यांना माझे आराखडे दाखवले होते. ते म्हणाले, "माझ्या दुकानाच्या काचेत असं काही उभं करून द्याल? परदेशी गिऱ्हाईक थांबलं पाहिजे." मी एक दिवस विचार केला आणि हो म्हणालो. एडनला बोट कोळसा घ्यायला थांबली, तेव्हा बोट कंपनीच्या कचेरीत जाऊन तिकीट पुढचं करून घेतलं. तेव्हा माझे पाय गळालेले नव्हते. चांगला जेवलो होतो.

आता तू विचारण्याआधी पुढचंही लिहितो, कारण तू ते विचारशीलच. एडनला तारघर होतं, त्या कचेरीच्या समोरच. "येत नाही" एवढे शब्द पाठवले असते तर तुम्ही कोणी धक्क्यावर आला नसता. तिने मला पाहिलं नसतं. नवरा आला नाही म्हणून चार दिवस रडली असती, आणि शहाणी राहिली असती.

मी तार केली नाही, कारण मला तुम्हा दोघींना पाहायचं होतं. आठ वर्षं पाहिलं नव्हतं. वाटलं, एकदा वरून बघून घेऊ. गर्दीत कोण पाहतंय मला.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. इथे कियो नावाच्या बाईबरोबर मी एकवीस वर्षं राहिलो, ती १९७०ला गेली, तिलाही नाही. ती विचारायची, तू घरी का जात नाहीस? मी कधी लढाई सांगायचो, कधी पासपोर्ट. पासपोर्टचं खरं होतं. ब्रिटिशांचा होता, तो बाद झाला, आणि नवा मागायचा तर मुंबईतल्या नातेवाइकांची नावं लिहायची. तो रकाना पाहिला की मी अर्ज परत घेऊन यायचो. परदेशी माणसाचं नोंदणीकार्ड तेवढं वॉर्ड ऑफिसातून नवं करत राहिलो. मुंबईतल्या एका डेकवरून मागे सरलो, आणि तेव्हापासून हे गाव सोडून दुसरीकडे जाता आलं नाही. आता तर ही खोलीही सोडता येत नाही. पण मला कोणी कोंडलेलं नाही. तिला कोंडलं होतं.

तू म्हणालीस तसा स्वतंत्र कागद सोबत जोडला आहे, मराठीत आणि इंग्रजीत, सहीनिशी. मजकूर असा: "माझी पत्नी पद्मिनी हिने नोव्हेंबर १९३४मध्ये बॅलार्ड पिअरवर मला बोटीच्या डेकवर पाहिले. ती पूर्ण शुद्धीवर होती. ती सांगत होती ते अक्षरशः खरे होते. मी तिच्यापासून लपलो." अनघा आणि प्रथमेश यांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या आहेत. प्रथमेशने कागद वाचला, चष्मा काढून पुसला आणि सही केली. जाताना तो मला नमस्कार न करता गेला. तो दर वेळी वाकून करतो.

विश्वनाथ


योकोहामा, ५ नोव्हेंबर १९९३

सुनेत्रा,

तू कागद घेऊन गुणवंतकडे गेलीस हे वाचलं. तो ऐंशीला आला आहे, ऐकू कमी येतं, म्हणून तुला ओरडून वाचावं लागलं आणि शेजारची माणसं दारात आली. चांगलं झालं. तिला वेडी ठरवलं तेही चार लोकांसमक्षच. तो म्हणाला, "पुन्हा वाच." तू पुन्हा वाचलंस. मग तो भिंतीकडे तोंड करून निजला आणि दोन दिवस जेवला नाही. तू लिहितेस, त्याची तुला दया आली नाही आणि आनंदही झाला नाही. त्याच्यावर सगळं टाकू नकोस. खोलीला कडी त्याने लावली असेल, पण त्याला कारण मी दिलं.

आईच्या फोटोसमोर तू ते वाचलंस की नाही हे लिहिलं नाहीस. मी विचारत नाही.

शेवटी तू लिहितेस, "मला हवं होतं ते मिळालं. आता पत्रं लिहू नका." ठीक आहे. लिहिणार नाही. तक्रार करायला मला जागा नाही. पण एक गोष्ट तुला विचारल्याशिवाय माझ्याने ठरवता येत नाही, म्हणून हे एवढं.

गेल्या आठवड्यात डॉक्टर येऊन गेले. होशिनो-सानशी जिन्यात हळू आवाजात बोलले. इथे म्हाताऱ्या माणसाला त्याच्याबद्दलचं शेवटी सांगतात. मी अनघाला म्हटलं, "माझं काही झालं तर पुण्याला कळवू नकोस. तिने सुतक का पाळावं? कोणाचं पाळावं?"

अनघा रागावली. इतकी रागावलेली मी तिला पाहिली नाही. म्हणाली, "आजोबा, परत तुम्हीच ठरवताय? कोणाला काय कळू द्यायचं आणि काय नाही ते? एकदा ठरवलंत ते पुरे नाही झालं? हे त्यांनी ठरवायचं. तुम्ही विचारा."

म्हणून विचारतो. मी गेल्यावर तुला कळवायचं की नाही? नाही म्हणालीस तर इथे होशिनो-सान आणि अनघा मिळून जे करायचं ते करतील, आणि तुझ्या दारात तार येणार नाही. उत्तर एका शब्दात पुरे. उत्तर आलं नाही तर "नाही" असं समजेन, त्यात मला वाईट वाटायचं कारण नाही.

विश्वनाथ


योकोहामा, ११ डिसेंबर १९९३

सुनेत्रा,

लिहू नका म्हणालीस ते लक्षात आहे. ही फक्त पोच.

तुझं कार्ड आज मिळालं. अनघा खालूनच हाक मारत वर आली. चष्मा सापडेना, म्हणून तिनेच वाचून दाखवलं. वाचायला एकच शब्द होता: "कळवा."

मी तिला तो तीनदा वाचायला लावला. मग तिने होशिनो-सानना बोलावलं, तुझा पत्ता त्यांना नीट सांगितला, आणि त्यांनी तो जपानी अक्षरांत जाड पेनाने लिहून खाली टेलिफोनशेजारी भिंतीला चिकटवला. कागदावर वर माझं नाव आहे, खाली तुझं. होशिनो-साननी विचारलं, नातं काय लिहू? अनघाने माझ्याकडे पाहिलं. मग तिनेच सांगितलं, "मुसुमे." इथे मुलीला मुसुमे म्हणतात.

मला खाली जाता येत नाही. पण होशिनो-सान म्हणाल्या, अक्षर चांगलं मोठं काढलं आहे, घाईच्या वेळी कोणालाही वाचता येईल.

विश्वनाथ